ताईच्या दारावरची फट

होंकावारा, १२ मार्च १९५१

ती. ताईस,
धाकट्या ओस्मोचा शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

तुझं पत्र आणि कॉफीची पुडी दोन्ही सुखरूप पोचली. पुडी आधी उघडली आणि पत्र नंतर, हे तुझी भावजय केर्त्तू तुला कळवणारच आहे, त्यापेक्षा मीच सांगून टाकतो. काय करणार, इथं लोक राईचं धान्य भाजून त्यालाच कॉफी म्हणतात आणि वर छान झाली म्हणून मानही डोलावतात.

आम्ही दोघं अजून सौनातच, त्या वाफेच्या न्हाणीघरातच राहतो. सरकारनं जमीन दिली, जंगल दिलं, घर मात्र ज्याचं त्यानं बांधायचं. त्यामुळे लढाईत गाव सोडून सीमेपलीकडून आलेल्या आपल्या सगळ्यांनी आधी सौना उभी केली, मग गोठा, आणि घर सगळ्यांत शेवटी. अडचण फक्त शनिवारची. आंघोळीसाठी सौना तापवायची तर गाद्या, भांडी, आरसा, केर्त्तूची टोपी, सगळं बर्फात काढून ठेवावं लागतं. दर शनिवारी आमचं बिऱ्हाड उघड्यावर आणि आम्ही आत, अशी तऱ्हा आहे. केर्त्तू बिचारी विटांच्या घरात वाढलेली चांभाराची मुलगी. पहिल्या शनिवारी तिला वाटलं, मी तिला घराबाहेर काढतोय.

पण आता खरी बातमी. घराचे पाइन पाडून झाले. झाडातला रस झोपलेला असतानाच पाडले, बाबा पाडायचे तसे. बाबांचीच कुऱ्हाड वापरतो आहे. तू ती गाडीतल्या गवताखाली लपवून आणलीस आणि शिवणयंत्र तिकडंच सोडून आलीस, याबद्दल मी तुला तेव्हा वेडी म्हटलं होतं. ते शब्द परत घेतो.

घरात एक मोठी खोली, तिच्यात चूल. एक खोली आमची आणि एक तुझी. नाही म्हणू नकोस. गाव सोडलं त्या सप्टेंबरात स्टेशनवर तू गाईसकट मालगाडीत होतीस आणि मी शिपाई दुसऱ्या गाडीत, तेव्हा उभ्या उभ्या मी तुला शब्द दिला होता की घर बांधीन तेव्हा तुला स्वतःची खोली असेल. आई गेल्यावर तू मला वाढवलंस, स्वतःचा संसार केला नाहीस. गिरणीच्या वसतिगृहात सहा बायकांच्या खोलीत तुझं म्हातारपण जावं, हे मला पाहवणार नाही. तर एवढंच कळव, खिडकी तळ्याकडे करू की रस्त्याकडे?

बाकी सर्व ठीक. तुझी माया आहे तशीच घट्ट असू दे.

तुझा
ओस्मो


तांपेरे, ८ एप्रिल १९५१

चि. ओस्मो यास,
ताईचे अनेक आशीर्वाद.

पत्र वाचायला अर्धा रविवार गेला. अक्षर तुझं कुऱ्हाडीनंच काढल्यासारखं आहे. केर्त्तूला लिहायला बसवत जा.

खिडकी तळ्याकडे कर म्हटलं तर मी खोली मान्य केली असा अर्थ तू काढशील, आणि रस्त्याकडे म्हटलं तरी तोच. तुझा हा कावा मला लहानपणापासून माहीत आहे. माझं ऐक. नव्या संसारात तिसरं माणूस फार जागा खातं. एका चुलीवर दोन बायका आल्या की भांडी जास्त वाजतात. मला चुलीमागं एक बाक दिलास आणि उन्हाळ्यात आठ दिवस बोलावलंस तरी मी धन्य.

(खोली करतोच आहेस तर तळ्याकडे.)

इथं सगळं नेहमीचं. चार माग माझ्याकडे आहेत, त्यातला एक माझ्यासारखाच खोकतो. कापसाची धूळ छातीत बसली आहे. त्यात माझी खाट नेमकी खिडकीखाली आणि खिडकीतून येणारा वारा बरोबर माझ्या पाठीवर. सुखाची माझी व्याख्या आता इतकी लहान झाली आहे की पाठीला वारा लागत नाही अशी जागा, म्हणजे स्वर्ग.

भिंतीतल्या ओंडक्यांमधे भरायचं शेवाळ लांब देठाचं आणि शरद ऋतूतलंच घे. मी बाबांबरोबर भिंतीवर बसून ते भरायची तेव्हा बोटं आठवडाभर हिरवी राहायची. आणि दारं-खिडक्यांवर फट सोडायला विसरू नकोस. बाबा स्वतःची चार बोटं आडवी धरून फट मोजायचे. मग दर वसंतात त्या फटीत बोटं घालायचे आणि घर यंदा किती खाली आलं ते जेवायला बसल्यावर सांगायचे, घरातलं एखादं मूल किती वाढलं हे सांगावं तसं. आठवतं ना?

केर्त्तूला माझा लाडाचा चिमटा. तुम्ही दोघं आनंदात असा, म्हणजे मला सगळं पोचलं.

तुझी ताई
हेल्वी


होंकावारा, २३ सप्टेंबर १९५१

ती. वन्सं यांना,
केर्त्तूचा सा. न. वि. वि.

ह्यांना लिहायला सांगितलं तर म्हणाले बोटं डांबरानं माखली आहेत. हे कारण आता महिनाभर पुरेल. म्हणून मीच लिहिते.

वन्सं, घर उभं राहिलं! काल आढं चढवलं. गावातले सगळे धावून आले, मजुरी कोण घेतो, पण जेवण मात्र मोजून घेतात. राईच्या पातळ पारीत बटाटा भरून मी एवढ्या पुऱ्या वळल्या की हात अजून वळलेलेच आहेत. तुमची कॉफी काल सगळी संपली, त्यातल्या एका माणसानं तर गाळही चावला. तो शेजारचा ऑन्नी. काम एकाचं करतो आणि सल्ला दहा जणांना देतो.

मला मात्र एक गोष्ट समजेना. एवढं नवंकोरं घर, आणि हे प्रत्येक दारावर, प्रत्येक खिडकीवर चार बोटांचं भोक सोडतात! मी म्हटलं, अहो, लाकूड कमी पडलं का? सगळे इतके हसले की एक जण शिडीवरून उतरला. मग ह्यांनी समजावलं. ओंडके सुकतात, वजनानं दबतात, आणि भिंत वर्षावर्षानं खाली येते. पण दाराची चौकट उभ्या लाकडाची, ती काही दबत नाही. म्हणून चौकटीवर मोकळी जागा ठेवायची, शेवाळानं हलकेच भरायची, वर फळी मारायची. घराला खाली यायला वाट हवी. विटांच्या घरातली मी, मला काय माहीत की घर चालतंसुद्धा.

तुमच्या दाराची गोष्ट मात्र वेगळी. तुमच्या दारावर ह्यांनी फट ठेवलीच नाही. वाळलेल्या पाइनचा जाडजूड तुकडा तासून असा घट्ट बसवला की नखसुद्धा जाणार नाही. ऑन्नी काही बोलायला गेला तर त्याला गप्प केलं. म्हणाले, शेवाळातून वारा येतो, आणि ताईच्या पाठीला वारा लागता कामा नये. एका दारानं काय होतंय, आतली तर भिंत आहे. वन्सं, माझ्यासाठी ह्यांनी असं कधी काही तासलं नाही. मी रुसून पाहिलं, पण मनातून बरं वाटलं.

आता हिवाळाभर घर रिकामं उभं ठेवायचं, वसंतात चूल घालायची. तोवर आमचा शनिवार बर्फातच.

मला परकी समजू नका, आणि लांबून का होईना, लाड करत राहा.

तुमची भावजय
केर्त्तू


तांपेरे, १४ ऑक्टोबर १९५१

चि. सौ. केर्त्तू हिस,
हेल्वीचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मी खोलीतल्या पाचही जणींना वाचून दाखवलं. गाळ चावणारा माणूस सगळ्यांना फार आवडला. सोबत आणखी कॉफी पाठवते आहे, ऑन्नीला दाखवू नकोस.

माझ्या दाराचं वाचलं. वेडाच आहे. त्याला म्हणावं की बाबांनी असं कधी... नाही, राहू दे, काही म्हणू नकोस. खरं सांगू? तो भाग मी इथल्या जणींना वाचून दाखवला नाही, माझ्यापुरताच ठेवला. माझ्या पाठीची काळजी कुणी करून कितीतरी वर्षं झाली.

येत्या मध्य-उन्हाळ्याच्या सणाला नक्की येते. आठ दिवसांसाठी हं. पुढचं पुढे पाहू.

स्वतःला जप आणि मला विसरू नकोस.

तुझी
हेल्वी


होंकावारा, १८ मे १९५२

ती. ताईस,
ओस्मोचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

चूल पेटली! धूर आधी खोलीत आला, मग केर्त्तूच्या डोळ्यांत, मग मला वाटेल ते ऐकावं लागलं, आणि शेवटी तो धुराड्यातून गेला. आम्ही सौनातून घरात आलो. पहिल्या दिवशी इतकी जागा पाहून कुठं बसावं कळेना, दोघं दाराशीच बसलो.

दुसरी बातमी केर्त्तू मला लिहू देत नव्हती, पण मी लिहितोच. ऑक्टोबरात तू आत्या होशील. तेव्हा आता उन्हाळ्यात खोली बघून जा, आणि शरदात कायमची ये. गिरणीत तसं सांगून टाक. मी सौनाची भट्टी नीट केली आहे, बाळ तिथंच होईल, तुझा-माझा जन्म जसा सौनात झाला. त्या वेळी तू हवीस. केर्त्तूची आई नाही, आणि मी त्या कामाचा नाही.

खोलीबद्दल काही सांगणार नाही. आल्यावर दार उघडून बघ.

वाट पाहतो. लोभ आहेच, आता फक्त तू यायची आहेस.

तुझा
ओस्मो


तांपेरे, ६ जुलै १९५२

चि. ओस्मो यास,
आशीर्वाद.

सुखरूप पोचले. तुमचा पाहुणचार फार झाला. घर देखणं आहे, बाबांनी पाहिलं असतं तर कोपऱ्यांच्या जोडांवरून हात फिरवला असता.

मी सणाच्या दुसऱ्याच दिवशी निघाले, याचं तुम्हाला वाईट वाटलं असेल. गिरणीतून बोलावणं आलं असं मी सांगितलं, ते खरं नव्हतं. खरं ते लिहिते, म्हणजे मनात अढी राहणार नाही. तू मला त्या खोलीच्या दाराशी नेलंस, खांदा लावलास, आणि हसून म्हणालास की दमट हवेनं दार फुगलंय. केर्त्तू घाईघाईनं म्हणाली की कॉफी निवतेय. मी बाहेरून गेले तर खिडकीचा पडदा ओढलेला. ओस्मो, मी भाबडी नाही. घरात बाळ येणार, पाळणा येणार, बियाण्याचे बटाटे कुठंतरी ठेवायलाच हवेत. तुम्ही खोली वापरायला घेतलीत यात काही चूक नाही, मी तर पहिल्यापासून तेच म्हणत होते. फक्त मला सरळ सांगायला हवं होतंत. बंद दारासमोर तिघांनी हसत उभं राहायची गरज नव्हती.

वसतिगृहाच्या बाई वयस्क कामगारणींना एकेकटीची छोटी खोली देणार आहेत. एकदा घेतली की ती शेवटपर्यंत. नाताळापर्यंत सही करायची आहे. मी घ्यायची ठरवली आहे.

केर्त्तूची काळजी घे. सोबत बाळासाठी लोकर पाठवते.

ताई


होंकावारा, २० जुलै १९५२

ती. ताईस,
नमस्कार.

दार फुगलं होतं असं मी म्हटलं, कारण दार फुगलं होतं. तुला जे वाटतं ते वाटू दे.

लोकर मिळाली.

ओस्मो


होंकावारा, १६ नोव्हेंबर १९५२

ती. वन्सं यांना,
केर्त्तूचा सा. न. वि. वि.

हे पत्र मी ह्यांना न विचारता लिहितेय. हे लाकूडतोडीच्या छावणीवर गेलेत, थेट नाताळला परततील. बाळाची बातमी ह्यांनी तुम्हाला एका ओळीत कळवली, हे मला ठाऊक आहे. मुलगी आहे, ठणठणीत आहे, हे मी दुसऱ्या ओळीत सांगते. नाव ऐला. कान तुमच्यासारखे आहेत असं हे म्हणतात आणि मग लाकडं फोडायला निघून जातात.

वन्सं, तुम्ही रागावलात आणि हेही रागावलेत. दोघांचा राग इतका सारखा आहे की तुम्ही भावंडं आहात हे कुणालाही कळेल. पण मधल्यामध्ये मी मरते, म्हणून आता सगळं सांगते.

त्या खोलीत बटाटे नव्हते. पाळणाही नव्हता. तुमच्यासाठी केलेला पलंग होता, आणि दार खरंच उघडत नव्हतं. चौकटीत असं घट्ट अडकलंय की खालून उजेडसुद्धा येत नाही. पडदा ह्यांनीच ओढला होता, तुम्ही आधी खिडकीतून बघाल आणि मजा जाईल म्हणून. तुम्ही गेलात त्या संध्याकाळी हे किती तरी वेळ त्या दाराला खांदा लावत होते. मी म्हटलं, ताईंना लिहा ना खरं. तर म्हणाले, बाबांच्या मुलानं केलेलं दार उघडत नाही, असं लिहू? त्यांची मान खाली गेली होती हो, दुसरं काही नव्हतं.

आणि ऐका. दर शनिवारी हे खिडकीतून आत जातात. दारातून जाता येत नाही म्हणून खिडकीतून. आत झाडतात, पलंगावरची चादर झटकतात आणि पुन्हा खिडकीतून बाहेर येतात. एवढा दांडगा पुरुष खिडकीत अडकलेला बघून मी एकदा हसले, मग मला रडू आलं. त्या खोलीत कुणी राहत नाही, तरी तिथं कोळ्याचं एक जाळं नाही.

दमट हवेनं फुगलंय म्हणावं तर आता बर्फ पडला, सगळं सुकून खडखडीत झालं, तरी दार हलत नाही. आणि घरात गारठा फार आहे, वन्सं. नव्या घरात असा गारठा असतो का? मोठ्या खोलीत, तुमच्या दाराच्या भिंतीत आणि ती बाहेरच्या भिंतीला जुळते तिथं, ओंडक्यांच्या मधे फटी पडल्या आहेत. शेवाळ गळून खाली येतं. मेणबत्ती ठेवली की ज्योत आडवी होते. बाळाचा पाळणा मी चुलीला चिकटवून ठेवलाय तरी सकाळी तिचं नाक गार लागतं. ऑन्नी म्हणतो शेवाळच वाईट होतं. शेवाळ मीच उपटलं होतं, त्यामुळे मीच वाईट. ह्यांनी पुन्हा भरलं, तर फट आणखी मोठी झाली.

मला या घरांतलं काही कळत नाही. पण हे घर रुसलंय असं वाटतं.

तुम्ही यावं म्हणून मी हे लिहीत नाही. नुसतं खरं कळावं म्हणून. मला आपली म्हणा, एवढं मागणं.

तुमची
केर्त्तू


तांपेरे, २३ नोव्हेंबर १९५२

चि. सौ. केर्त्तू हिस,
हेल्वीचे अनेक आशीर्वाद. ऐलाला, तिच्या गार नाकाला, तिच्या कानांना पापा.

तुझं पत्र मी मागाजवळ उभं राहून वाचलं. ज्योत आडवी होते तिथवर आले आणि हातातला धागा सुटला. मुकादम ओरडला. ओरडू दे.

पोरी, शेवाळ चांगलं आहे. तू चांगली आहेस. सगळी चूक माझ्या दारावर आहे. तुला आठवतं, तूच लिहिलं होतंस की सगळ्या दारांवर फट सोडली आणि माझ्याच दारावर वाळलेलं लाकूड घट्ट ठोकलं? घर खाली यायला निघालं. इतर सगळीकडे त्याला वाट मिळाली, माझ्या दाराशी मिळाली नाही. अख्खी भिंत त्या चौकटीवर टांगून राहिली आहे. खालचे ओंडके सुकून खाली गेले, वरचे अडकले, म्हणून मधे फटी. आणि चौकटीवर एवढा भार आला की दार हलणार कसं? आता स्टुलावर चढ आणि माझ्या दारावर हात लाव. तिथं तुझं बोट जाणार नाही.

ओस्मोला हे कळायला हवं होतं. पण त्याला ते पाहायचंच नसेल. आणि मला तर कळलंच होतं. तुझं ते पत्र वाचताना माझ्या मनात आलं होतं की हे बरोबर नाही, बाबांनी असं केलं नसतं. मी लिहायलाही घेतलं आणि थांबले. कुणी माझ्यासाठी वारा अडवतंय, याचंच इतकं सुख झालं की ते अडवणं चुकीचं आहे हे मला म्हणवेना. आणि मग त्याच दारासमोर उभी राहून मी तुमच्यावर संशय घेतला. तुम्ही दार लावून घेतलंत असं मी म्हटलं, आणि इथं माझ्याच पाठीपायी तुझ्या लेकराला गारठा. मला फार लाज वाटते, केर्त्तू. जे लिहिलं ते मला परत घेता आलं असतं तर.

ओस्मोची वाट बघू नकोस. ऑन्नीला बोलाव. चौकटीवरची फळी काढायची, तो ठोकलेला तुकडा करवतीनं मधोमध कापायचा आणि सावकाश काढून घ्यायचा. त्याआधी तू बाळाला घेऊन सौनात जा. चुलीवरचं भांडं उतरव, मांडणीवरच्या कपबश्या खाली ठेव. दारात कुणी उभं राहू नये. घर एकदम खाली बसेल आणि मोठा आवाज होईल, घाबरू नकोस. नंतर राहील त्या जागेत शेवाळ भर, हलक्या हातानं. ठासून भरू नकोस.

बाळाला ऊब मिळाली की मला दोन शब्द लिही. माझं इथलं ठरलेलंच आहे, त्याची काळजी करू नकोस.

तुझीच, तू अजून मानत असलीस तर,
हेल्वी


होंकावारा, ३० नोव्हेंबर १९५२

ती. वन्सं यांना,
सा. न.

ऑन्नीनं आधी तासभर सांगितलं की हे असंच असणार हे त्याला पहिल्यापासून ठाऊक होतं. मग कापलं.

वन्सं, मी बाळाला घेऊन सौनाच्या पायरीवर उभी होते. तुकडा निघाला आणि घर खाली बसलं. म्हातारं माणूस दमून बाकावर टेकताना जसा आवाज करतं तसा, पण तळ्यापलीकडे ऐकू जाईल एवढा. छपरावरचा सगळा बर्फ घसरला. ऑन्नीचं कुत्रं अजून परत आलेलं नाही. एक बशी खाली ठेवायची मी विसरले होते, ती गेली. ऐला झोपलेलीच राहिली.

भिंतीतल्या फटी मिटल्या. आज ज्योत सरळ आहे.

आणि मी आत गेले तर तुमचं दार आपोआप उघडलेलं होतं. कुणी हात लावला नव्हता.

आता सांगा, आता काय सबब आहे?

तुमचीच, आणि मानायचं काय त्यात,
केर्त्तू


होंकावारा, १५ डिसेंबर १९५२

चि. ओस्मो यास,
ताईचे अनेक आशीर्वाद. छावणीवरच्या पत्त्यावर हे तुला मिळेल ना?

वर गावाचं नाव वाचलंस का? नसेल तर आता वाच. मी घाईत चुकून लिहिलेलं नाही.

सही करायला म्हणून मी वसतिगृहाच्या बाईंकडे गेले होते. त्यांनी मला माझी होणारी खोली दाखवली. चांगली आहे. खिडकी घट्ट, दार बेताचं, कुठून वारा म्हणून येत नाही. मी मधोमध उभी राहिले आणि पाठ एकदम सुखावली. मग वाटलं, या दारावर दर वसंतात बोटं घालून बघणारं कोण आहे इथं? खोली चांगली आहे, पण ही मला ओळखत नाही, असं काहीतरी मी त्या बाईंना म्हणाले. त्यांनी मला बसायला खुर्ची दिली. मी बसले नाही. निघून आले. आल्या आल्या बांधाबांध केली. सहा बायकांच्या खोलीत कुणाचं काय आहे ते निवडता निवडता पाचही जणी रडल्या.

दाराचं सगळं केर्त्तूनं तुला कळवलंच असेल, तर आता तुझी हजेरी घेते. बाबांची कुऱ्हाड घेतलीस, अक्कल कुठं ठेवलीस? एका दारानं काय होतंय म्हणे! एका दारावर सबंध घर टांगून ठेवलंस, बायकोला बर्फात कुडकुडवलंस, पोरीचं नाक गार केलंस, आणि कशासाठी, तर गिरणीतल्या एका कुरकुऱ्या म्हातारीनं पत्रात पाठीची तक्रार केली म्हणून. ओस्मो, असं कुणी करतं का रे? माझ्यासाठी असं आजवर कुणीच केलं नव्हतं. मी जुलैमध्ये जे लिहिलं ते चुलीत टाक. तू अजून ठेवलं असशील, मला माहीत आहे तू ठेवतोस. टाक.

पलंग माझ्या उंचीचा आहे. सामान ठेवायची फळी माझ्या हाताला येते, टाचा न उचलता. खिडकी तळ्याकडे आहे. आज तळं गोठून पांढरं आहे आणि त्यावरून कुणी तरी घोडा घेऊन चाललंय. केर्त्तू आणि मी एका चुलीवर आहोत. भांडी वाजतात. तिला राईचा पाव जमत नाही आणि ते तिला पटत नाही. ऐलाला कुशीत घेतलं की ती माझ्या शालीचा पदर चोखते. खोकला आहेच, पण इथं त्याला जरा लाज वाटते असं दिसतं.

माझ्या दारावर आता फट आहे. ऑन्नीनं ती मोठी केली, मी शेवाळ भरलं, हलक्या हातानं. बोटं हिरवी झाली. चार बोटं जातात. वसंतात पुन्हा घालून बघू, तू तुझी, मी माझी. आणि हो, वारा येतो. संध्याकाळी बरोबर पाठीवर येतो. मी शाल घेऊन बसते. तू आता तिथं काहीही ठोकायचं नाहीस. येऊ दे वारा.

नाताळला येशील तेव्हा सरळ माझ्या खोलीत ये. आणि दारातून ये बरं का, खिडकीतून नको.

वाट बघणारी,
तुझी ताई
हेल्वी